ढेपेवरचा मासा

दसऱ्याच्या पुढेमागे बुलढाण्याजवळच्या देऊळघाटच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी आटोपते. मळणीयंत्रातून निघालेला पिवळा दाणा कट्ट्यांत भरला जातो आणि बुलढाणा, चिखलीच्या बाजार समित्यांकडे रवाना होतो. आडतीवर ओलावा बघितला जातो, भाव पुकारला जातो, आणि शेतकऱ्याच्या लेखी त्या दाण्याची गोष्ट तिथेच संपते. खरं तर ती तिथून सुरू होते. दाण्यात तेल असतं जेमतेम अठरा-वीस टक्के. ते काढून घेतल्यावर उरणारी पेंड, जिला व्यापारी डीओसी म्हणतात, तिच्यात शेकडा ४५ ते ४८ प्रथिनं असतात. ही पेंड कोंबडीखाद्याच्या आणि मत्स्यखाद्याच्या कारखान्यांत जाते. तिथे तिच्या तरंगत्या गोळ्या होतात, आणि आंध्र किंवा छत्तीसगडचा छाप असलेल्या पोत्यांतून त्या पुन्हा विदर्भात येतात, कुणाच्या तरी शेततळ्याच्या काठावर.

बुलढाण्यात शेततळी वाढली तशी त्यांत मासे सोडणारेही वाढले. कटला, रोहू, मृगळ, आणि पिंजरा पद्धतीत पंगस आणि तिलापिया. मासे पाळणाऱ्याच्या एकूण खर्चात निम्म्याहून जास्त वाटा खाद्याचा असतो, आणि खाद्यातला सगळ्यात महाग घटक म्हणजे प्रथिन. पैनगंगेच्या या खोऱ्यात तर प्रथिनाची रास पडलेली आहे: सोयाबीन आहे, सरकीची ढेप आहे, तूर-हरभऱ्याची चुनी आहे, थोडा तीळ, थोडं जवस, कुठे करडई. मग ही रास थेट तळ्यात का जात नाही? जिल्ह्याबाहेर जाऊन, कारखान्यातून फिरून, दुप्पट भावानं का परत येते? उत्तराचा एक भाग बाजारात आहे. पण मोठा भाग बियांच्या आणि माशांच्या शरीरात आहे, आणि तो समजल्याशिवाय बाजाराचा भागही नीट कळत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. ‘माशाच्या खाद्यात पर्यायी वनस्पती प्रथिनं’ असं म्हटलं की वाटतं, माशाचं खरं अन्न मासळीचा भुगा, म्हणजे फिशमील, आणि पेंड ही त्याची तडजोड. सामन किंवा कोळंबीच्या बाबतीत ते खरं आहे. आपल्या कटला-रोहूसारख्या कार्प माशांच्या बाबतीत उलटं आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. राजानं गळ टाकून मासे कसे धरावेत हे सांगताना, त्या माशांना आधी काय खिलवावं याचीही चर्चा तिथे येते: तिळाची पेंड, हरभऱ्याचं पीठ, शिजलेला भात. दख्खनच्या नद्यांतल्या माशांना पेंडेची गोडी आहे, हे इथल्या माणसाला नऊशे वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

पुढे १९५७ मध्ये हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं आणि मत्स्यबीज नदीतून गोळा करण्याची गरज हळूहळू संपली. १९५९ मध्ये चंदेरा आणि गवत्या हे परदेशी मासे आले. सत्तरच्या दशकात सायप्रिनस धरून सहा जाती एकाच तळ्यात वाढवण्याची मिश्र मत्स्यशेती देशभर शिकवली गेली. त्या साऱ्या काळात सरकारी पुस्तिकांतलं खाद्य एकच होतं: शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मे-निम्मे. आंध्रातल्या कोल्लेरू सरोवराच्या परिसरात आजही कोंडा भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगतात, आणि मासे पोत्याला तोंड लावून तो ओढून खातात. तिथून देशभर जाणारा रोहू मुख्यत्वे कोंड्यावर वाढलेला असतो.

हे जमतं त्याचं कारण तळं. शेण, खत घातलेल्या मातीच्या तळ्यात सूर्यप्रकाशावर शैवाल वाढतं, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात. कटला वरच्या थरातले प्राणिप्लवंग खातो, रोहू मधल्या थरात वनस्पती चरतो, मृगळ तळाचा गाळ उपसतो, गवत्या दिवसाकाठी जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकी हिरवळ फस्त करतो. प्रथिनाचा मोठा हिस्सा तळंच देतं. पेंड-कोंडा ही वरची भर. एकरी थोडे मासे सोडले तर हा हिशेब उत्तम चालतो.

बुलढाण्याचं शेततळं मात्र तसं तळं नसतं. मुरमाड जमिनीत पाणी टिकावं म्हणून त्यात प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो. मातीशी संबंध तुटला की गाळातली अन्नसाखळीही तुटते. पाणी स्वच्छ, निळसर, दिसायला छान, आणि माशाच्या दृष्टीनं उपाशी. त्यात जागा लहान आणि मासे दाटीनं सोडलेले. अशा तळ्यात किंवा धरणातल्या जाळीच्या पिंजऱ्यात माशाला जे काही मिळतं ते पोत्यातूनच. तिथे पेंड ही भर राहत नाही, ती पूर्ण जेवण होते, आणि पूर्ण जेवणाला पूर्ण जेवणाचे सगळे नियम लागू होतात.

पहिला नियम प्रमाणाचा. कोंबडीच्या खाद्यात वीस-बावीस टक्के प्रथिनं पुरतात, दुभत्या गाईला त्याहून कमी. कार्पच्या मोठ्या माशाला पंचवीस ते तीस टक्के लागतात, बोटुकलीला, म्हणजे बोटभर पिल्लाला, त्याहून जास्त. आणि विदर्भात चवीनं खाल्ला जाणारा मरळ, जो मुळातच शिकारी मासा, त्याला चाळीसच्या वर. मासा थंड रक्ताचा, त्याला अंग तापवायला अन्न जाळावं लागत नाही. पण तो ऊर्जेसाठीही प्रथिनंच सहजपणे जाळतो आणि त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो. म्हणजे खाद्यात पिष्ट कमी पडलं तर महागडं प्रथिन सरपणासारखं जळतं आणि पाणी बिघडतं ते वेगळंच. कार्प या बाबतीत समजूतदार आहे, त्याला पिष्ट पचतं. मका किंवा कोंडा खाद्यात असतो तो यासाठी, केवळ वजन वाढवायला नव्हे.

दुसरा नियम प्रतीचा. माशाला दहा अमिनो आम्लं आयती लागतात, शरीरात ती तयार होत नाहीत. सोयाबीनमध्ये लायसिन भरपूर, मिथिओनिन तोकडं. तिळात नेमकं उलट. वरण आणि भात एकमेकांची उणीव भरून काढतात तसे सोयाबीन आणि तीळ माशाच्या खाद्यात जुळतात. पोत्यावर ‘प्रथिने २८ टक्के’ असं छापलेलं असतं त्यात ही जुळणी दिसत नाही. तो आकडा तर प्रत्यक्ष प्रथिनाचाही नसतो. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये नायट्रोजन मोजण्याची रीत काढली. मोजलेल्या नायट्रोजनला सव्वासहानं गुणलं की त्याला प्रथिन म्हणायचं, अशी ही पद्धत आहे. नायट्रोजन युरियातही असतो. २००७ मध्ये चीनमधून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलॅमिन मिसळून हाच आकडा फुगवल्याचं उघड झालं. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि तोच माल माशांच्या खाद्यातही पोचल्याचं आढळलं. स्वस्त पेंडेच्या कट्ट्यावर आकडा चांगला दिसला म्हणून खूश होण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

फिशमील मग इतकं महत्त्वाचं का झालं? कारण त्यात साठ-पासष्ट टक्के प्रथिनं, अमिनो आम्लांची जुळणी माशाला हवी तशी, चव माशाला आवडणारी, आणि एके काळी ते स्वस्त होतं. पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्हेटा नावाचा बोटभर मासा इतका मिळे की १९७० मध्ये तिथली पकड १ कोटी २० लाख टनांच्या आसपास गेली. जवळजवळ सगळाच भुगा करून कोंबड्यांना आणि डुकरांना. १९७२ मध्ये एल निनोनं तिथलं पाणी तापवलं, आधीच अती मासेमारी झालेली होती, आणि १९७३ ची पकड वीस लाख टनांच्याही खाली कोसळली. जगाच्या पशुखाद्यातून एकदम एक खांब निखळला. सगळे सोयाबीनकडे धावले. भाव इतका चढला की जून १९७३ मध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच रोखली. घाबरलेल्या जपाननं पुढे ब्राझीलच्या माळरानावर सोयाबीन पिकवायला पैसा ओतला.

आपल्याकडे सोयाबीन याच दशकात मध्य प्रदेशात रुजत होतं. जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं त्याचे वाण आणले, तपासले. कल्पना अशी होती की गरिबाच्या ताटात प्रथिन जाईल. ताटानं काही सोयाबीनला जवळ केलं नाही. ते चाललं तेलासाठी आणि पेंडेच्या निर्यातीसाठी. जबलपूरचा जेएस ३३५ हा वाण १९९४ मध्ये आला आणि त्यानं विदर्भ-मराठवाड्यात ज्वारी, मूग, उडीद, तीळ यांच्या जागा घेतल्या. बुलढाण्याचा खरीप आज सोयाबीन-कपाशीचा खरीप आहे. पेरूच्या समुद्रातला बोटभर मासा आणि देऊळघाटचं वावर यांच्यात नातं आहे ते असं, लांबचं पण खरं.

मत्स्यशेतीला मात्र ही कलाटणी उशिरा मिळाली. नॉर्वेतल्या सामनच्या खाद्यात १९९० मध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास घटक समुद्रातले होते, मासळीचा भुगा आणि मासळीचं तेल. २०१३ पर्यंत ते तीस टक्क्यांवर आले. बाकी सारी जागा सोयाबीन, गहू, मोहरीवर्गातलं तेल यांनी घेतली. शिकारी मासा दोन दशकांत जवळजवळ शाकाहारी केला गेला. २०२२ मध्ये जगात पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पकडलेल्यांच्या पुढे गेलं, ते या बदलाशिवाय शक्यच नव्हतं. किंमतही मोजावी लागली: अशा सामनच्या मांसातलं ओमेगा-३ घटलं, आणि नॉर्वेच्या खाद्यासाठी ब्राझीलचं जंगल तुटतंय का यावर वाद झडले. कार्पला असे प्रश्न कमी. गोड्या पाण्यातला मासा जवसासारख्या बियांतल्या साध्या ओमेगा-३ पासून लांब साखळीची मेदाम्लं थोडीफार स्वतः तयार करू शकतो; समुद्री शिकाऱ्याला ते जमत नाही.

आता सोयाबीनच्या दाण्याकडे वळू. बी म्हणजे झाडाचं पोर. त्याला कुणी खाऊ नये अशी तजवीज झाडानं करून ठेवलेली असते. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला जखडून ठेवणारं एक प्रथिन असतं. १९१७ मध्ये ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी उंदरांवर दाखवलं की कच्च्या सोयाबीनवर वाढ खुंटते आणि शिजवलेल्यावर होते. चाळीसच्या दशकात मोझेस कुनिट्झ यांनी तो रोधक घटक स्फटिकरूपात वेगळा केला. कच्चं सोयाबीन भरडून तळ्यात टाकणारा शेतकरी माशाला प्रथिनही देतो आणि ते पचू न देणारा पदार्थही. मासे खाताना दिसतात, वाढताना दिसत नाहीत.

उष्णता हा यावरचा उपाय. तेल गिरणीत हेक्झेन नावाच्या द्रावकानं तेल काढल्यावर पेंडेतून वाफ सोडतात. त्यामुळे द्रावक उडून जातं आणि पेंड शेकलीही जाते. पण शेक कमी पडला तर रोधक जिवंत राहतो. जास्त झाला तर लायसिन साखरेशी जखडून बसतं आणि पेंड तपकिरी, निकस होते. शेक नेमका झाला का हे कळण्यासाठी सोयाबीनमधलंच एक विकर, युरिएज, तपासतात. तेही उष्णतेनं साधारण रोधकाबरोबरच मरतं आणि त्याची परीक्षा सोपी: युरिया आणि रंगद्रव्याच्या द्रावणात पेंड टाकायची, लाल ठिपके किती उठतात ते बघायचं. खाद्य कारखान्याच्या दारात ट्रक उभा असताना ही चाचणी होते. ज्याला घरी खाद्य करायचं आहे त्यानं तेवढी तरी करावी. निदान दाणा वाफवून, उकडून घेतल्याशिवाय भरडू नये.

उष्णतेला दाद न देणारी एक गोष्ट सोयाबीनमध्येच काय, जवळजवळ प्रत्येक बीत असते. बियांतला साधारण दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात बंदिस्त असतो, आणि हे आम्ल जाता जाता जस्तासारखी खनिजंही धरून ठेवतं. हे बंधन तोडणारं फायटेज विकर माशाकडे पुरेसं नसतं. आणि इथे रोहू-कटल्याची एक खासियत आडवी येते: त्यांना जठरच नसतं. घशातून अन्न थेट आतड्यात. आम्ल नाही, त्यामुळे बीमधला फॉस्फरस तर सुटत नाहीच, फिशमीलमधल्या हाडांतलाही नीट सुटत नाही. शिवाय बाजारात मिळणारं फायटेज आम्लधर्मी माध्यमात चांगलं चालतं. मुंबईत वर्सोव्याला १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेत रोहूच्या पिल्लांवर म्हणूनच एक नेमका प्रयोग झाला: खाद्यात फायटेज आणि त्याच्या जोडीला सायट्रिक आम्ल. आम्लाच्या सोबतीनं फायटेजचं काम सुधारतं आणि वनस्पती खाद्यातली खनिजं रोहूला अधिक मिळतात, असं त्या कामातून पुढे आलं. जठर नसलेल्या माशाला लिंबाच्या आम्लाची मदत, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून पाण्यात जातो, ही बाबही देऊळघाटला परकी नाही. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि इथून पुढे येळगावच्या धरणात जाते. बुलढाणा शहर ते पाणी पितं. बंद शेततळ्यातला फॉस्फरस तळ्यातच शैवाल माजवतो आणि पहाटे प्राणवायू संपवून मासे वर तरंगायला लावतो; नदी-धरणात पिंजरे टाकले तर तो सगळ्यांच्या पाण्यात जातो. खाद्याची प्रत हा तिथे एकट्या मत्स्यपालकाच्या नफ्या-तोट्याचा प्रश्न उरत नाही.

सरकीची ढेप ही या भागातली सर्वांत जुनी आणि हाताशी असलेली पेंड. खामगावची कापूस बाजारपेठ शंभरावर वर्षं नांदली, जिनिंगमागून तेलघाण्या आल्या, आणि ढेप विदर्भातल्या प्रत्येक गोठ्यात पोचली. म्हैस ढेपेवर दूध देते, तर मासा का वाढणार नाही, हा तर्क साहजिक आहे. पण म्हशीच्या पोटात जे घडतं ते माशाच्या आतड्यात घडत नाही. सरकी फोडून बघितली तर गरावर बारीक काळे ठिपके दिसतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचं पिवळं रंगद्रव्य असतं. कपाशी त्याच्या जोरावर किडींना थोपवते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात ते मोठ्या प्रमाणात निष्प्रभ होतं. एका पोटाच्या, आणि बिनपोटाच्या, प्राण्यात ते लायसिनला जखडतं, लोह ओढून घेतं, नराच्या वीर्यावर परिणाम करतं. चीनमध्ये सत्तरच्या दशकात पुरुषांच्या गर्भनिरोधक गोळीसाठी ते माणसांवरही तपासलं गेलं आणि दुष्परिणामांमुळे सोडून दिलं. मोठ्या विक्रीच्या माशांना थोडी ढेप चालेल, पण बीजासाठी ठेवलेल्या प्रजनक माशांना ती घालू नये.

त्यात विदर्भातली बरीचशी ढेप टरफलासकट दाबलेली असते. तिच्यात प्रथिनं बावीस टक्क्यांच्या आसपास आणि तंतू जवळजवळ तेवढेच. सोललेल्या सरकीच्या पेंडेत प्रथिनं चाळीसवर जातात, पण ती दारात मिळेलच असं नाही. म्हणून कार्पच्या खाद्यात ढेप दहा-पंधरा टक्क्यांपुढे नेऊ नये, आणि त्यातही थोडं हिराकस मिसळावं. त्यातलं लोह गॉसिपॉलला बांधून टाकतं.

ढेपेचा दुसरा धोका अधिक लपलेला. १९६० मध्ये इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि शोध ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडेपर्यंत पोचला. तिच्यावर वाढलेल्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, जगाला कळलं ते तेव्हा. त्याच सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांत ट्राउट माशांना यकृताच्या कर्करोगाची साथ आल्यासारखं झालं. तिथे बुरशी सरकीच्या पेंडेवर होती. पावसात भिजलेला कापूस, ओलसर गोदाम, ताडपत्रीखाली घामेजलेले कट्टे: बुलढाण्याच्या ऑक्टोबरात हे दृश्य नवं नाही. भिजून काळवंडलेलं, बाजारानं नाकारलेलं सोयाबीन किंवा ढेप ‘निदान माशांना तरी’ म्हणून तळ्यात जाते, ती याच कारणानं सगळ्यात महाग पडते.

गॉसिपॉलवर एक मुळावरचा इलाजही निघाला आहे. टेक्सासमधल्या ए अँड एम विद्यापीठात मूळचे भारतीय असलेले कीर्ती राठोड यांनी कपाशीच्या फक्त बीमध्ये गॉसिपॉल तयार होणं बंद पाडलं. पानं-देठांत ते तसंच राहिलं, म्हणजे किडीपासूनचं संरक्षण गेलं नाही. हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१८ मध्ये आणि अन्न-औषध प्रशासनानं २०१९ मध्ये त्याला वाट मोकळी केली. आपल्याकडे जनुक बदललेल्या पिकांवरचा वाद पाहता ती सरकी खामगावात लवकर दिसेल असं मी धरून चालत नाही.

बाकीच्या पेंडा पटकन उरकू. शेंगदाण्याची माशाला सर्वांत आवडते, पण बुरशीची भीती आणि भाव दोन्ही चढे. तिळाची मिथिओनिनसाठी मोलाची, मात्र आता तीळच फारसा उरला नाही. जवसाच्या पेंडेत चिकट द्रव्य आणि ब जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणणारा घटक, तेव्हा बेतानं. करडईची कडवट. डाळ गिरणीतली तूर-हरभऱ्याची चुनी प्रथिनानं मध्यम पण स्वस्त, आणि गोळी बांधायला पिष्ट देते. मोहाच्या ढेपेची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती माशाला खाऊ घालायची नसतेच. तिच्यातलं सॅपोनिन माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. बीज सोडण्यापूर्वी तळ्यातले नको असलेले शिकारी मासे मारायला हेक्टरी अडीच हजार किलोच्या हिशेबानं ती टाकतात. दोन-तीन आठवड्यांत विष ओसरतं आणि उरलेल्या ढेपेचं खत होतं. आधी मारायचं आणि मग पोसायचं, दोन्ही एकाच ढेपेनं.

हिरव्या पाल्याबद्दल उत्साह फार आहे, तो थोडा आवरावा. अझोलाच्या वाळलेल्या भुकटीत वीस-पंचवीस टक्के प्रथिनं असतात हे खरं. पण ताज्या अझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. शंभर किलो अझोला वाळवला की हाती पाच-सात किलो भुकटी आणि जेमतेम दीड किलो प्रथिन. गवत्याला ताजा टाका, उत्तम. गोळी-खाद्याचा पाया म्हणून तो पुरा पडत नाही. सुबाभळीच्या पाल्यात मायमोसिन असतं, पाण्यात भिजवल्यावर ते बरंच कमी होतं. आणि प्रथिनाचा जिल्ह्यातला सगळ्यात श्रीमंत साठा तर लोणारच्या विवरात आहे: तिथल्या पाण्याचा सामू दहाच्या घरात, आणि अशा पाण्यात फोफावणारी स्पिरुलिना वर्गातली नील-हरित सूक्ष्मजीवसृष्टी तिथे नांदते. स्पिरुलिनात साठ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. लोणार अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही, तेव्हा तिथल्या पाण्याला हात लावायचा प्रश्नच नाही. हौदात वाढवलेली स्पिरुलिना काचेच्या टाकीतल्या शोभेच्या माशांचा रंग खुलवायला परवडते, किलोवर विकल्या जाणाऱ्या रोहूला नाही.

मग देऊळघाटच्या शेततळ्याला काय? तीस बाय तीस मीटरचं तळं घेऊ. समजा त्यात नऊशे बोटुकली सोडली आणि हंगामाअखेर पाच क्विंटल मासा निघाला. चांगल्या गोळी-खाद्यात किलोभर माशाला दीड किलो खाद्य लागलं तर एकूण साडेसात क्विंटल; अठ्ठावीस टक्क्यांनी त्यात दोनशे दहा किलो प्रथिन. हे सगळं सोयाबीन पेंडेतून आलं असं मानलं तरी साडेपाच-सहा क्विंटल सोयाबीन पुरतं. बरा पाऊस झाला तर एका एकरात एवढं पिकतं. एका तळ्याचं प्रथिन तळ्याशेजारच्या एकरात उभं असतं, आणि तरी पोतं बाहेरून येतं.

उलट बाजूचा हिशेबही करून बघू. घरी कालवलेल्या ढेप-कोंड्याला समजा किलोला तीस रुपये पडले, पण अर्धं पाण्यात विरघळून किलोभर माशाला ते तीन किलो लागलं, तर नव्वद रुपये झाले. पन्नास रुपयांची तरंगती गोळी दीड किलो लागली तर पंचाहत्तर. स्वस्त खाद्य इथेच महाग ठरतं. गोळी तरंगते कारण एक्सट्रूडर यंत्रात दाबाखाली, सव्वाशे-दीडशे अंशांवर पिष्ट फुगतं; त्याच उष्णतेत उरलेला ट्रिप्सिनरोधकही मरतो. मासे किती खातात ते वर दिसतं, उरलेलं कळतं. मृगळ तळाशी असतो, त्याच्या वाट्याला कमी येतं, हा तिचा दोष. घरच्या खाद्याला तरंगणं जमत नसेल तर ते भिजवून, गोळे करून ताटलीत ठेवून पाण्यात उतरवावं आणि तासाभरानं ताटली वर काढून बघावी. थंडीत बुलढाण्याचं पठार चांगलंच गारठतं. पाणी वीस अंशांखाली गेलं की माशाचं खाणं मंदावतं, आणि डिसेंबर-जानेवारीत सवयीनं टाकलेलं खाद्य नुसतं कुजतं.

बाजाराचा फेराही विसरून चालणार नाही. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेलं, तेव्हा कोंबडीवाल्यांच्या ओरडीवरून केंद्रानं ऑगस्टमध्ये बारा लाख टन जनुक-बदललेली पेंड आयात करायला परवानगी दिली. तीनच वर्षांनी, २०२४ च्या हंगामात, ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असताना बाजारात सोयाबीन त्याच्याखाली विकलं गेलं. एक कारण पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलचं. मका आणि तांदूळ आंबवून इथेनॉल काढलं की जो चोथा उरतो, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो प्रथिनानं भरलेला असतो, तांदळाचा तर चाळीस टक्क्यांवर. स्वस्त आणि भरपूर. तो पशुखाद्यात घुसला आणि सोयाबीन पेंडेची मागणी पडली. मत्स्यपालकाला हा चोथा मोहात पाडेल. मात्र मक्यातलं पिष्ट निघून गेल्यावर बुरशीचं विष चोथ्यात जवळजवळ तिप्पट दाट होतं, तेव्हा तपासणीचा कागद मागितल्याशिवाय तो घेऊ नये.

तालुक्यात छोटं खाद्ययंत्र टाकावं अशी कल्पना शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकांत निघते, आणि कागदावर ती बिनतोड दिसते: दाणा इथला, चुनी इथली, तळी इथली. अडचण तारखांची आहे. बोटुकली जुलै-ऑगस्टमध्ये सुटते, पहिले महिने मासा लहान असल्यानं खाद्य थोडंच लागतं, हिवाळ्यात खाणं मंदावतं, खरी भूक फेब्रुवारी-मार्चला येते आणि एप्रिलमध्ये तळ्यातलं पाणी पिकाला किंवा उन्हाला जातं. वर्षातले जेमतेम चार-पाच महिने यंत्राला काम. सोयाबीन मात्र ऑक्टोबरात एकदम येतं आणि ते बारा टक्के ओलाव्याखाली, कोरड्या गोदामात, फेब्रुवारीपर्यंत राखायला भांडवल लागतं. त्यामुळे अशा यंत्रावर मत्स्यखाद्याच्या जोडीला कोंबडीखाद्य आणि गुरांचं खाद्य निघालं, तरच बँकेचा हप्ता फिटतो.